मुलांच्या अंगावरचे काळे-निळे डाग

खेळत्या मुलाच्या नडगीवर काळे-निळे डाग पडणारच. पण मार न लागता पाठ, पोट, कानावर डाग उठले, दाबूनही न जाणारे लाल ठिपके दिसले, दहा मिनिटे दाबूनही नाकाचे रक्त थांबेना किंवा सांधा सुजला, तर अंगारे-धुपारे सोडून ससूनचा बालरोग विभाग गाठा, असे आम्ही सांगतो. ठिपक्यांसोबत ताप असेल तर लगेच.

प्लेटलेट दीड लाखांहून जास्त, पण एपीटीटी लांबलेली असेल तर हिमोफिलियाची शंका येते. मग फॅक्टर ८ व ९ तपासतात. तोवर ॲस्पिरिन देऊ नये, स्नायूत इंजेक्शन टाळावे.

जनुक बहुधा आईकडून येते; त्यात तिचा दोष नाही. सुनेला बोल लावू नका. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात हिमोफिलिया आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करणे हा आपला हक्कच आहे.