लकवा हातापायात नसतो

दिग्रस आणि आसपासच्या खेड्यांत अजूनही पुष्कळ घरांत लकवा मारला की आधी लुळ्या हाताला तेल चोळलं जातं, तोंडात पाणी घातलं जातं आणि लकव्याचं औषध देणाऱ्याचा पत्ता शोधला जातो. काही जण कबुतराचं रक्तही चोळतात. या सगळ्यामागचा समज एकच: बिघाड हातापायात आहे.

बिघाड असतो मेंदूच्या रक्तवाहिनीत. हाताचे स्नायू, हाडं, शिरा सगळं शाबूत असतं. त्यांना हलवणारा मेंदूचा भाग बंद पडलेला असतो. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीर विसावलेलं असतानाही सुमारे २० टक्के प्राणवायू तो एकटाच घेतो. शिल्लक साठा त्याच्याजवळ जवळपास नसतोच. त्याला रक्त पोचवणाऱ्या मुख्य धमन्या चार: मानेत पुढच्या बाजूने दोन कॅरॉटिड, मागून मणक्यांतून वर जाणाऱ्या दोन व्हर्टिब्रल. मेंदूच्या तळाशी त्या एका कड्यात जोडल्या जातात. थॉमस विलिस यांनी १६६४ साली या कड्याचं वर्णन केलं. कड्यामुळे एक धमनी दुसरीच्या मदतीला येऊ शकते. पण कड्यापुढच्या फांद्यांना असा आधार फार थोडा. अरुणावतीच्या कालव्यावर ज्याची चारी बुजली त्याचंच शेत वाळतं, तसंच हे.

म्हणून सगळ्यांचा लकवा सारखा नसतो. या फांद्यांपैकी मधल्या धमनीत अडथळा आला तर चेहरा आणि हात जास्त जातात, पुढच्या धमनीत आला तर पाय. मागच्या धमनीचा झटका तर कित्येकदा ओळखूच येत नाही: हातपाय ठणठणीत, पण अर्ध्या बाजूचं दिसत नाही आणि माणूस दाराच्या चौकटीवर आदळतो. लहान मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की अचानक गरगरतं, तोल जातो, उलट्या होतात आणि घरचे म्हणतात पित्त झालं.

मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला तर शरीराची उजवी बाजू जाते आणि बहुतेकांची बोलीही. बोली गेली म्हणजे डोकं गेलं, असं समजून लोक त्या माणसासमोरच त्याच्याबद्दल बोलू लागतात. हे मला फार क्रूर वाटतं, कारण अशा अनेकांना बरंच काही कळत असतं, फक्त शब्द बाहेर येत नाही. साधं ‘पाणी’ म्हणता न येणारा एखादा माणूस आयुष्यभर म्हटलेल्या भजनाची ओळ मात्र सुरात म्हणून जातो.

उजव्या मेंदूच्या झटक्यात आणखी वेगळंच घडू शकतं. रुग्ण ताटातली उजवीकडची भाजी, वरण संपवतो आणि डावीकडची चटणी, कोशिंबीर, लिंबू तसंच ठेवतो. घरच्यांना वाटतं, तोंडाला चव नाही. खरं तर डावी बाजू अस्तित्वात आहे याचीच नोंद त्याच्या मेंदूत होत नाही. ताट नुसतं फिरवून ठेवलं की तो उरलेलंही जेवतो.

‘लकवा म्हणजे रक्ताची गाठ, रक्त पातळ करायची गोळी द्या’ हा शिकलेल्यांचा गैरसमज, आणि तो अधिक घातक. बहुतेक झटके गाठीमुळेच येतात, पण काहींत धमनी फुटून रक्तस्राव झालेला असतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. फरक सांगतो सीटी स्कॅन. त्याआधी घरी ॲस्पिरिन देऊ नये. पाणीही देऊ नये. गिळण्याचं नियंत्रण गेलेलं असेल तर ते फुप्फुसात उतरतं.

मग गावठी औषधाने बरे झालेले लोक खोटं सांगतात का? नाही. काहींची गाठ आपोआप सुटते आणि काही मिनिटांत किंवा तासांत हात पूर्ववत होतो. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असतो, उतारा नव्हे. काहींचं फक्त तोंड वाकडं होतं, त्या बाजूचं कपाळही हलत नाही. तो बहुधा मेंदूचा नव्हे, चेहऱ्याच्या एका नसेचा आजार असतो आणि बहुतेकांचा काही आठवड्यांत आपोआप सुधारतो. श्रेय मात्र औषधवाल्याला मिळतं, आणि त्याच्या भरवशावर पुढचा खरा रुग्ण वेळ घालवतो.

आपल्याकडे हा आजार किती जवळ आहे, हे गडचिरोलीत दिसलं. ‘सर्च’ या संस्थेच्या संशोधकांनी तिथल्या ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली; २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पक्षाघात हेच मृत्यूचं पहिलं कारण निघालं. दर सात मृत्यूंमागे एक. त्यातले बहुतेक मृत्यू घरीच झाले होते.

गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. दिग्रसहून यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय साठेक किलोमीटरवर आहे. सकाळी तेल चोळण्यात दोन तास गेले तर हिशेब चुकलाच. चेहरा एकीकडे ओढला गेला, हात खाली पडला, बोलणं अडखळलं, यातलं एकही अचानक दिसलं की १०८ ला फोन करावा आणि सीटी स्कॅन व हे इंजेक्शन कुठे मिळेल ते निघतानाच विचारावं. घड्याळ रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून धरतात. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं तर रात्री झोपताना कसा होता ते सांगावं लागतं. चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्यावीत, कारण रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर ते इंजेक्शन द्यायचं की नाही हे डॉक्टरांना आधी तपासावं लागतं.