एका स्विचमध्ये चार भिंती

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, म्हणजे पूर्वीच्या नगर जिल्ह्यातल्या शनिशिंगणापूरची ख्याती सर्वांना ठाऊक आहे. घरांना दारे-कुलपे नाहीत, अशी तिथली परंपरा. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने तिथे काढलेली शाखाही ‘बिनकुलपाची बँक’ म्हणून देशभर गाजली. गावाचा भरवसा शनिदेवावर. संगणकांच्या जाळ्याला मात्र असे उघडे राहणे परवडत नाही.

तरीही एखाद्या पतसंस्थेत किंवा दवाखान्यात काय दिसते? नेटवर्क स्विच नावाची एक पेटी आणि तिला जोडलेल्या सगळ्या वायरी. रोखपालाचा संगणक, प्रिंटर, सीसीटीव्ही कॅमेरे, पाहुण्यांचे वायफाय, सारे एकाच जाळ्यात. या जाळ्याला लॅन म्हणतात. त्यात एका यंत्राला दुसऱ्याचा पत्ता हवा असला, की ते दवंडी पिटावी तशी हाक देते. ती प्रत्येक यंत्राला ऐकू जाते. यंत्रे वाढली की गलबला वाढतो. शिवाय पाहुण्याच्या लॅपटॉपमधला व्हायरस थेट हिशेबाच्या संगणकाचे दार ठोठावू शकतो.

ही भीती काल्पनिक नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाची संगणक यंत्रणा सायबर हल्ल्याने कोलमडली आणि कित्येक दिवस रुग्णांच्या नोंदी हाताने कराव्या लागल्या. नेटवर्कचे विभाग नीट पाडलेले नसल्यामुळे हल्लेखोरांना सर्व्हर काबीज करता आले, असे सरकारने संसदेत सांगितले. पाच सर्व्हरवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी सांकेतिक रूपात बंदिस्त केली होती.

मग प्रत्येक विभागाला वेगळा स्विच घ्यायचा का? तशी गरज नाही. ‘मॅनेज्ड’ प्रकारच्या स्विचमध्ये एकाच पेटीत अनेक वेगळी जाळी आखता येतात. त्यांना व्हर्च्युअल लॅन किंवा व्हीलॅन म्हणतात. एकाच वाड्यात भिंती घालून भावांनी वाटणी करावी, तसेच हे. एका व्हीलॅनमधली दवंडी दुसऱ्यात ऐकू जात नाही.

काम सुरू करायचे कागदावर. कोणत्या विभागाला कोणता क्रमांक, ते लिहून काढा. उदाहरणार्थ, हिशेब १०, कचेरी २०, कॅमेरे ३०, पाहुणे ४०. मग संगणकाच्या ब्राउझरमधून स्विचचे पान उघडा आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड आधी बदला. हे चार व्हीलॅन तयार करून प्रत्येक पोर्ट ज्याच्या-त्याच्या व्हीलॅनला ‘अनटॅग्ड’ म्हणून जोडा. काही स्विचमध्ये पोर्टचा पीव्हीआयडी क्रमांकही वेगळा भरावा लागतो. तो विसरला तर भिंत अर्धीच राहते.

दुसऱ्या मजल्यावरच्या स्विचकडे मात्र चारही विभागांची माहिती एकाच वायरीतून जाते. ती वायर ‘टॅग्ड’ पोर्टला लावायची. एकाच रस्त्याने धावणाऱ्या एसटी गाड्या पाटीवरून ओळखाव्यात, तशी इथे माहितीच्या प्रत्येक पुडक्यावर चार बाइटची पाटी चढते. या पाटीचे मानक १९९८ साली ठरले. त्याचे नाव ८०२.१क्यू. त्यानुसार १ ते ४०९४ एवढे क्रमांक वापरता येतात.

शेवटी ‘सेव्ह’ करायला विसरू नका. अनेक स्विचमध्ये ते केले नाही, तर वीज गेल्याबरोबर सारी आखणी पुसली जाते.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. व्हीलॅन ही भिंत आहे, पहारेकरी नव्हे. कचेरीतल्या प्रिंटरवर हिशेब विभागालाही कागद छापायचा असेल, तर राउटर किंवा फायरवॉलमधून दार ठेवावे लागते. त्या दारातून कोणी जायचे आणि कोणी नाही, हे नियम तिथे लिहावे लागतात. ते न लिहिता राउटरने सगळे विभाग जोडून टाकले, तर भिंती असून नसल्यासारख्या.

आपल्या संस्थेत मॅनेज्ड स्विच आधीच असेल, पण सगळी पोर्टे कारखान्यातून आली तशी व्हीलॅन १ मध्येच पडून असतील, असेही होऊ शकते. म्हणून देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाला एवढेच विचारा: पाहुण्यांच्या वायफायवरून हिशेबाच्या संगणकापर्यंत पोचता येते का? तुमच्यासमोर करून दाखवायला त्याला पाच मिनिटे पुरतील. उत्तर ‘हो’ आले, तर भिंत घालायचे काम अजून बाकी आहे.