पैसे बाईच्या खात्यात, पण मेसेज मुलाच्या मोबाईलवर! आपलं खातं आपणच कसं सांभाळायचं?

गावातल्या ग्राहक सेवा केंद्रावर महिन्यातून एकदा हमखास दिसणारं दृश्य. अंगठ्याच्या मशीनपुढे बायकांची रांग. केंद्रचालक म्हणतो, "मावशी, अंगठा नीट उमटला नाही, परत लावा." मावशी परत लावतात. हातात हजार रुपये येतात, पावती मात्र येत नाही. खात्यातून हजार गेले की दोन हजार, हे त्यांना तिथं कळत नाही आणि घरी गेल्यावरही कळत नाही. कारण बँकेचा मेसेज पुण्यात कामाला असलेल्या मुलाच्या मोबाईलवर जातो.

सगळेच केंद्रचालक असे नसतात. अनेक गावांत हाच माणूस बँकेचं अर्धं काम करतो. पण खात्यावर नाव बाईचं, मोबाईल नंबर नवऱ्याचा, एटीएम कार्ड कपाटात आणि पिन मुलाच्या डोक्यात, अशी स्थिती बऱ्याच घरांत आहे. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० रुपये सुरू झाले, तेव्हा ती उघडी पडली. पैसे नेमके कोणत्या बँकेत आले, हेच कित्येक जणींना माहीत नव्हतं.

त्याचं कारण सोपं आहे. एकाच आधार क्रमांकावर दोन-तीन बँकांत खाती असू शकतात, पण सरकारी योजनेचे पैसे त्यातल्या एकाच खात्यात येतात. ज्या खात्याला आधार सगळ्यात शेवटी जोडलं, ते हे खातं. कधीतरी शिबिरात उघडलेलं आणि विसरून गेलेलं खातंही असू शकतं. 'माय आधार' वेबसाईटवर 'बँक सीडिंग स्टेटस' बघितलं की बँकेचं नाव दिसतं. त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, म्हणजे तो मोबाईल हाताशी हवा.

इथंच बऱ्याच जणींची गल्लत होते. आधारमधला मोबाईल नंबर वेगळा आणि बँकेतला वेगळा. आधार केंद्रावर नंबर बदलला म्हणजे बँकेतला आपोआप बदलत नाही. बँकेतला बदलायचा तर शाखेत पासबुक आणि आधार घेऊन जायचं आणि अर्ज भरायचा. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडेल, पण बाकीच्या सगळ्या गोष्टींआधी हेच काम करावं. पैसे आले-गेले याचा मेसेज स्वतःच्या मोबाईलवर आला की निम्मी भीती तिथंच जाते. साधा बटणांचा फोन असला तरी चालतो.

अंगठा लावताना काय बघायचं?

प्रत्येक वेळी पावती मागायची. व्यवहार झाला नाही असं सांगितलं, तरीही मागायची. पावतीवर व्यवहार झाला की फसला, किती रक्कम निघाली आणि शिल्लक किती, हे छापलेलं असतं. वाचता येत नसेल तर आकडे तरी ओळखता येतात. बाजारात कोथिंबिरीची जुडी पारखून घेणाऱ्या बाईला ते अवघड नाही. केंद्रचालक 'चार्ज' म्हणून वीस-पन्नास रुपये कापत असेल, तर तेही चूक आहे. बँकेच्या वतीनं दिलेल्या सेवेसाठी त्यानं ग्राहकाकडून थेट पैसे घ्यायचे नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

एमआधार ॲपमधून अंगठा 'लॉक' करता येतो. म्हणजे आपण उघडल्याशिवाय कुणाला त्यावर पैसे काढता येत नाहीत. पण लॉक असताना रेशन दुकानातही अंगठा चालत नाही, हे ध्यानात ठेवा.

हिशोब बायकांना येतो, हे सांगायला साताऱ्याच्या माण तालुक्यातलं म्हसवड पुरेसं आहे. तिथं चेतना सिन्हा यांच्यासोबत बायकांनी महिला बँकेचा परवाना मागितला, तेव्हा अर्जावर अंगठे आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेनं तो नाकारला. बायका लिहायला शिकल्या, परत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, व्याजाचा हिशोब आम्ही तोंडी करतो, तुम्ही करून दाखवा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

कर्ज घेतानाही हाच तोंडी हिशोब लावायचा. समजा शेकडा दोन रुपये महिना या दरानं १०,००० रुपये बारा महिन्यांसाठी घेतले. दर महिन्याला मुद्दलाचा बारावा हिस्सा परत केला आणि व्याज फक्त उरलेल्या मुद्दलावर लागलं, तर वर्षाचं व्याज १,३०० रुपये होतं. पण देणाऱ्यानं शेवटपर्यंत पूर्ण दहा हजारांवरच व्याज धरलं, तर ते २,४०० होतं. दर तोच, फरक ११०० रुपयांचा! म्हणून "हप्ता किती?" एवढंच विचारून सही करू नका. "व्याज उरलेल्या मुद्दलावर की पूर्ण रकमेवर? आणि एकूण किती फेडायचं?" हे विचारा. मायक्रोफायनान्स कंपनीनं व्याज आणि खर्चाचा तपशील कर्जदाराला समजेल अशा भाषेत लेखी द्यायचा असतो. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर फोन करायलाही तिच्या माणसांना मनाई आहे.

घरात विषय काढणं मात्र सगळ्यात जड. "माझ्यावर भरवसा नाही का?" हा प्रश्न येतोच. भांडण टाळून सुरुवात करायची तर नॉमिनीपासून करता येते. नवऱ्याच्या खात्यावर नॉमिनी कोण, विमा कुठला, कागद कुठं ठेवलेत, हे दोघांना माहीत हवं. घरातला कर्ता माणूस अचानक गेल्यावर नॉमिनीचं नाव नसलं, तर दहा-वीस हजारांसाठीही बाईला बँकेत खेटे घालावे लागतात. बोलणं निघालं की पासबुक दोघांनी मिळून बघता येतं. पिन मात्र कुणालाच सांगायचा नाही. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. टाकायला सांगणारा माणूस पैसे काढून घेणारच.

पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. उशीर केला तर नुकसान आपल्या अंगावर पडू शकतं. बँकेत तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला फी नाही, वकीलही लागत नाही. माहितीसाठी १४४४८ या नंबरवर फोन करता येतो. फोन करताना पासबुक आणि बँकेनं दिलेली पोच समोर ठेवावी.