हौशी मंडळी आणि संगीत नाटक

संगीत नाटक हा आपल्या लोकांचा आवडता नाट्यप्रकार होय. परंतु तो जितका गोड, तितकाच करणाराची परीक्षा पाहणारा आहे. गद्य नाटकांत नटानें भाषण नीट पाठ करून त्यांतील भाव ओळखला, म्हणजे पुष्कळसें कार्य साधतें. संगीत नाटकांत त्याच नटास गावें लागतें, आणि गाणें संपतांच दम न लागूं देतां पुन्हां बोलावें लागतें. जेथें नट व वादक सारेच बिनवेतनी, दिवसभर आपापला उद्योग सांभाळून सायंकाळीं जमणारे असतात, तेथें हें कार्य कसें सिद्धीस न्यावें, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विष्णुदास भावे यांनीं सांगली येथें १८४३ सालीं 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणिलें. त्या पद्धतीच्या नाटकांत पदें म्हणण्याचा मुख्य भार सूत्रधारावर असे. पुढें अण्णासाहेब किर्लोस्करांनीं तो भार पात्रांवर वांटून दिला. त्यांच्या 'संगीत शाकुंतला'चा पहिला प्रयोग पुण्यास ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं झाला, तेव्हां नाटकाचे पहिले चारच अंक लोकांपुढें आले. 'सौभद्र' देखील १८८२ सालीं प्रथम तीन अंकांपुरतेंच झालें. जेवढें उत्तम बसलें असेल तेवढेंच दाखवावें, हा धडा हौशी मंडळींनीं यांतून अवश्य घ्यावा.

जुन्या नाटकांचे प्रयोग रात्रीं उशिरापर्यंत चालत. 'सौभद्रा'सारख्या नाटकांत पदें शंभरांच्या घरांत असतात. एका पदास तीन मिनिटें धरिलीं, तरी शंभर पदांस पांच तास लागतील. आजचा प्रेक्षक तीन तासांहून अधिक बसत नाहीं. म्हणून पदांची निवड करावीच लागते. ज्या पदानें कथानक पुढें सरकतें किंवा पात्राचें अंतःकरण उघडें होतें, तें ठेवावें. भाषणांत येऊन गेलेलीच गोष्ट जें पद पुन्हां सांगतें, तें गाळावें. ज्याचा अभिनय चांगला पण गळा बेताचा, त्याचें पद भाषणरूप करावें. नाटकासाठीं माणसें ओढाताणीनें गोळा करण्यापेक्षां, असलेल्या माणसांच्या मापानें नाटक बेतणें हेंच शहाणपणाचें.

दुसरी अडचण स्वराची. पूर्वीं स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. आतां त्या मुली करितात, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र पुरुषाचा गळा काळी एकच्या आसपास, तर स्त्रीचा बहुधा काळी चार किंवा पांचमध्यें मोकळा होतो. एकाच पट्टींत दोघांस गावयास लाविलें तर एकाचा आवाज कोंडतो अथवा दुसऱ्याचा फाटतो. यासाठीं प्रत्येकानें आपल्याच पट्टींत गावें, आणि पेटीवाल्यानें मधल्या भाषणाच्या अखेरीस पुढील षड्ज हळूच सुचवावा. तबलजीनेंही दोन पट्ट्यांचे दोन तबले लावून ठेवावे. शाळेंतील मुलांचा आवाज तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या सुमारास फुटूं लागतो. जूनमध्यें ज्यास भूमिका दिली, त्याचा गळा डिसेंबरांत तोच राहील असें नाहीं. म्हणून त्याच्या पदांसाठीं दुसरा मुलगा तयार असावा.

वादकांस केवळ रंगीत तालमीच्या वेळीं बोलाविण्याची चाल आम्हांस घातक वाटते. नट कोठें श्वास घेतो, कोठें चुकण्याचा संभव आहे, हें वादकास आरंभापासून ठाऊक असलें, म्हणजे चूक झाली तरी तो ती सांवरून घेतो. बालगंधर्वांसारख्या गायक नटासही तबल्यावर अहमदजान थिरकवा यांची साथ होती. मग नवशिक्याने साथीस दुय्यम कां लेखावें?

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. धंदेवाईक मंडळींत पगार माणसास बांधून ठेवितो. हौशी मंडळींत परस्परांविषयींचा आदर हाच एक बांधणारा धागा असतो. बारा जण एकासाठीं अर्धा तास खोळंबले, तर सहा तास फुकट गेले. आणि ते सहा तास कोणींतरी आपल्या घरून, आपल्या विश्रांतींतून आणिलेले असतात. म्हणून ज्या प्रवेशाची तालीम असेल त्याच पात्रांस बोलवावें, आणि ठरल्या वेळीं आरंभ करावा. हें न झाल्यामुळें जितकीं हौशी मंडळें मोडतात, तितकीं पैशाच्या अभावीं मोडत नसावींत.

गोमंतकांत देवळांच्या उत्सवांत गांवच्याच मंडळींनीं नाटक करण्याची प्रथा अद्याप जिवंत आहे. तेथें रंगमंचावरचा राजा सकाळीं शेतांत किंवा दुकानांत दिसतो, आणि प्रेक्षक त्यास नांवानें ओळखतात. त्याचा स्वर क्वचित् ढळला तरी ते त्यास टाकीत नाहींत; पण त्यानें तालीम केलेली नाहीं हें त्यांस तत्काळ कळतें. पालकांनींही आपल्या मुलांचें नाटक याच दृष्टीनें पाहावें. गळा ही देणगी आहे, ती कोणास लाभते, कोणास लाभत नाहीं. वेळेवर येणें, दुसऱ्याचें पद चालूं असतां स्तब्ध उभें राहणें, आणि साथीदाराचा स्वर ऐकणें, हें मात्र प्रत्येक मुलास शिकतां येतें.