वर घर, खाली दुकान : जबलपुरात सौरविजेचं अनुदान नेमकं कुणाला?

राइट टाउन, नेपियर टाउन, गोरखपूर. जबलपूरच्या या जुन्या वस्त्यांत वर कुटुंब आणि खाली दुकान, दवाखाना किंवा चार शिलाई मशिनांचा कारखाना अशी घरं पुष्कळ. छत एकच, पण विजेच्या जोडण्या दोन. छतावर सौर पॅनेल बसवायचं ठरलं की पहिला प्रश्न निघतो तो ‘सरकार किती देतं?’ हा. त्याचं उत्तर बिलात सापडतं. केंद्राचं अनुदान मिळतं ते घरगुती वर्गाच्या वीजजोडणीला; छत कुणाचं आणि केवढं, हा मुद्दा नंतरचा.

म्हणून सुरुवात बिलापासून करू. आपलं वीजबिल देते ती मध्य प्रदेश पूर्व क्षेत्र विद्युत वितरण कंपनी. तिचं मुख्यालय इथलंच, रामपूरच्या शक्तिभवनात. बिलावर तीन गोष्टी पाहाव्यात. आयव्हीआरएस क्रमांक म्हणजे आपली ग्राहक म्हणून ओळख. मग वर्ग : एलव्ही-१ असेल तर जोडणी घरगुती, एलव्ही-२ म्हणजे दुकान, ऑफिस, दवाखाना, एलव्ही-४ म्हणजे लहान उद्योग. आणि मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती किलोवॉट वीज ओढायला कंपनीने आपल्याला मान्यता दिली आहे तो आकडा.

आता बिलावरचं नाव. जुन्या घरांत गाडी हमखास इथेच अडते. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी बिल त्यांच्याच नावाने येत असतं, आणि वेळेवर भरलं जातंय म्हणून कुणाला त्यात वावगं वाटत नाही. अनुदान मात्र अर्जदाराच्या बँक खात्यात जमा होतं. बिल एकाच्या नावावर आणि खातं दुसऱ्याच्या, असं झालं की अर्ज लोंबकळतो. त्यासाठी आधी नामांतरण करून घ्यावं. मृत्यू दाखला, मालकीचा कागद आणि बाकी वारसांची संमती जमवायला वेळ लागतो. त्यातही भावाभावांच्या सह्या मिळवायला किती, ते आपल्याला ठाऊकच आहे. विक्रेता शोधण्याआधी हे काम हातावेगळं करावं.

पुढे वापराचा हिशेब. गेल्या बारा महिन्यांची युनिटं एका कागदावर मांडावीत. एकट्या मे महिन्याचं बिल पाहून घाबरून निर्णय घेऊ नये. राज्याच्या अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत असला तर पहिली १०० युनिटं १०० रुपयांत मिळतात. ज्यांचं घर वर्षभर या मर्यादेत राहतं त्यांना सौर संचावर लाखभर रुपये घालून फारसं काही हाती लागणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. महिन्याला अडीचशे-तीनशे युनिटं जाळणाऱ्या घराचं गणित मात्र जुळतं, कारण तिथे वाचणारं युनिट महागड्या टप्प्यातलं असतं.

संच किती मोठा हवा? एक किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी चार युनिटं, महिन्याला साधारण ११० ते १२० युनिटं वीज देतो. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. त्याला शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, शेजारचा आंबा यांची सावली सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात कुठे पडते ते हिवाळ्यात एकदा पाहून घ्यावं, कारण तेव्हा सूर्य खाली असतो आणि सावल्या लांबतात. जबलपूर २३ अंश अक्षांशावर आहे. पॅनेलचं तोंड दक्षिणेला आणि कल वीस-पंचवीस अंशांच्या दरम्यान असला की पुरे.

आता पैसे. ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली; एक कोटी घरं आणि ७५,०२१ कोटी रुपये असा तिचा आवाका, आणि मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत. पहिल्या दोन किलोवॉटसाठी सरकारने खर्च धरला किलोवॉटला ५०,००० रुपये आणि त्याचे ६० टक्के देऊ केले, म्हणजे किलोवॉटमागे ३०,०००. तिसऱ्या किलोवॉटला ४५,००० धरून ४० टक्के, म्हणजे १८,०००. बेरीज ७८,०००. त्यापुढे पाच किलोवॉट बसवा की दहा, घराला मिळणारं अनुदान ७८,००० वरच थांबतं. म्हणूनच तीन किलोवॉटचा संच सगळ्यांत जास्त खपतो.

हे पैसे काम झाल्यावर येतात, हे विसरू नये. विक्रेत्याला आधी पूर्ण रक्कम द्यावी लागते. हाताशी नसेल तर तीन किलोवॉटपर्यंतच्या संचासाठी सरकारी बँका दोन लाखांपर्यंत विनातारण कर्ज देतात. व्याज रेपो दराशी बांधलेलं असल्याने साध्या वैयक्तिक कर्जापेक्षा बरंच कमी पडतं. अर्ज जनसमर्थ पोर्टलवरून होतो.

अनुदानासाठी नोंदणी योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर करायची. त्याचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो, दुसऱ्या कुठल्याही शेपटाची वेबसाइट उघडली तर तिथे आधार क्रमांक टाकू नये. राज्य, वितरण कंपनी, आयव्हीआरएस क्रमांक आणि मोबाइल भरला की अर्ज पुढे सरकतो. दहा किलोवॉटपर्यंतच्या घरगुती संचांना तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीत, म्हणजे आपल्या तारा नि ट्रान्सफॉर्मर ही वीज झेपवतील का या पाहणीत, आता अडकून पडावं लागत नाही. २०२४ च्या दुरुस्तीने ती मंजुरी गृहीत धरली जाते.

विक्रेता पोर्टलवरच्या यादीतलाच निवडावा, नाहीतर अनुदान बुडालं. दोन-तीन जणांकडून लेखी दरपत्रक घ्यावं, आणि त्यात पॅनेलची कंपनी, इन्व्हर्टर, लोखंडी सांगाडा, तडितरोधक, अर्थिंग, नेटमीटरचा खर्च हे सगळं वेगवेगळं मांडून मागावं. सांगाडा स्वस्तात उरकण्याकडे सगळ्यांचा कल असतो आणि जूनमधल्या वादळात पहिला तोच उडतो. योजनेच्या नियमाप्रमाणे पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याकडे आहे. करारात ती ओळ शोधावी.

अनुदानासाठी पॅनेल ‘डीसीआर’ लागतात, म्हणजे पॅनेलही भारतात बनलेलं आणि त्यातले सेलही भारतातच बनलेले. बाहेरचे सेल वापरलेली पॅनेल स्वस्त असतात, वर चढवली की दिसायला तशीच दिसतात, आणि लबाडी नेमकी इथेच होते. चढवण्याआधी खाली जमिनीवरच अनुक्रमांकांचे फोटो काढावेत आणि ते डीसीआर प्रमाणपत्राशी ताडून पाहावेत.

बसवणं दोन-तीन दिवसांत होतं. त्यानंतर नेटमीटर, म्हणजे घरात आलेली आणि छतावरून बाहेर गेलेली अशी दोन्हीकडची वीज मोजणारं मीटर. कंपनीची माणसं तपासणी करून ते बसवतात आणि संच सुरू झाल्याचा दाखला पोर्टलवर निघतो. मग बँकेचा तपशील आणि रद्द केलेला धनादेश चढवायचा. विक्रेत्यांच्या घाईत ही शेवटची पायरी बऱ्याचदा राहून जाते, आणि अनुदान का आलं नाही म्हणून घरची मंडळी वीज कार्यालयाच्या चकरा मारत बसतात.

आणि खालचं दुकान? एलव्ही-२ किंवा एलव्ही-४ जोडणीला हे ७८,००० मिळत नाहीत. मग ‘वरच्या मीटरमधून एक तार खाली टाकू’ असा सल्ला कुणीतरी देतंच. तो मनावर घेऊ नये. घरगुती जोडणीवर धंदा चालवणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. दोन वर्षांत वाचवलेलं एका पंचनाम्यात जातं.

धंद्याला सरकारची मदत दुसऱ्या वाटेने मिळते : घसाऱ्याच्या. आयकरात सौर संचावर वर्षाला ४० टक्के घसारा, म्हणजे झिजेपोटी नफ्यातून वजा करता येणारी रक्कम, धरता येतो. संच वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर त्या वर्षी निम्माच, २० टक्के. त्यामुळे बसवायचाच असेल तर सप्टेंबर संपायच्या आत सुरू करावा. पण उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर अंदाजे कर भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला याचा वेगळा लाभ नाही, कारण त्या टक्क्यात घसारा आधीच धरलेला असतो. विक्रेते हे सांगत नाहीत. आपल्या कर सल्लागाराला विचारावं. सौर उपकरणांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, जुनं दरपत्रक हातात असेल तर नवं मागवावं.

दिवसा चालणाऱ्या धंद्याला अनुदानाशिवायही सौर परवडतो हे खरं. लेमा गार्डनच्या कपड्यांच्या कारखान्यांत किंवा रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत मशिनं चालतात तीच उन्हाची वेळ. वीज तयार होते तिथेच वापरली जाते आणि ती घरगुतीपेक्षा महाग दराची असते.

वीज गेली की सौर संचही बंद पडतो, हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलट दिशेने झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. अंधारात दिवे हवे असतील तर बॅटरी लागते, आणि बॅटरीला अनुदान नाही.

नेटमीटरनंतरचं पहिलं बिल आलं की त्यात आयात आणि निर्यात अशी दोन वाचनं आहेत का ते पाहावं. जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यात जमा होतात. वर्षाअखेर उरतात त्यांचा हिशेब आपण विकत घेतो त्या भावाने होत नाही, म्हणून गरजेपेक्षा मोठा संच घेण्यात फायदा नाही. स्थिर आकार मात्र बिल शून्य युनिटांचं आलं तरी भरावाच लागतो. निर्यातीचा रकाना कोराच असेल तर मीटरच्या वाचनाचा तारखेसकट फोटो काढून त्याच आठवड्यात वीज कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी.