तीनशे फूट वर

विमानाची चाकं जमिनीवरून सुटली की कॉकपिटमध्ये कामांची रांग लागते. चाकं पोटात घ्यायची, फ्लॅप्स टप्प्याटप्प्यानं मिटायचे, इंजिनांचा जोर उतरवायचा, टॉवरचा निरोप घेऊन पुढच्या नियंत्रकाची फ्रीक्वेन्सी लावायची, चेकलिस्ट वाचायची. हे चालू असताना विमान मिनिटाला अडीच-तीन हजार फूट चढत असतं. परवानगी मिळालेल्या उंचीला हजार फूट उरले, की हाती वीसेक सेकंद राहतात.

सिम्युलेटरच्या मागच्या खुर्चीतून मी हे पाहत होतो. एअरबस ३२०, मुंबईची २७ क्रमांकाची धावपट्टी, जुलै महिना. पाऊस अर्थातच प्रशिक्षकांनी बटण दाबून पाडलेला. नियंत्रकही तेच, एअर होस्टेसही तेच, आणि वादळही तेच.

"वैमानिकांच्या तोंडाकडे नको, हाताकडे बघा," ते मला हळूच म्हणाले.

नियंत्रकाच्या आवाजात त्यांनी सूचना दिली: "क्लाइंब फ्लाइट लेव्हल वन थ्री झीरो." म्हणजे १३,००० फूट. सहवैमानिकानं ती रेडिओवर परत म्हटली. कॅप्टननं नॉब फिरवून आकडा लावला, पण बोट तिथून काढलं नाही. सहवैमानिकानं त्या चौकटीकडे पाहून "वन थ्री झीरो ब्लू" म्हटल्यावरच हात खाली आला. एकानं लावायचं आणि दोघांनी बघायचं. चुकीचा आकडा लागण्याची शक्यता इथं बरीचशी संपते.

पण त्या दिवशी आकडा बरोबरच होता.

ऑल्टिमीटर उंची मोजतो ती हवेच्या दाबावरून. खाली असताना त्यात विमानतळावरचा त्या वेळचा दाब भरलेला असतो, आणि ठरावीक उंचीनंतर सगळी विमानं १०१३ हेक्टोपास्कल हा एकच 'स्टँडर्ड' दाब लावतात, म्हणजे सगळ्यांची मोजपट्टी एक होते. ऐन पावसाळ्यात मुंबईचा दाब १००२ च्या आसपास उतरतो. एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण २८ फूट. अकराचा फरक मिटवायचा राहिला, तर विमान तीनशे फूट चुकीच्या जागी उडतं.

दाब बदलायच्या नेमक्या त्याच उंचीला प्रशिक्षकांनी वेदर रडारवर लाल डाग आणला. सहवैमानिकानं डावीकडे वळायची परवानगी मागितली, उत्तर आलं, "स्टँडबाय." तेवढ्यात केबिनमधून फोन. कुणा प्रवाशाला चक्कर आली होती. कॅप्टननं फोन घेतला. "स्टँडर्ड" हा शब्द कुणीच उच्चारला नाही. पडद्याच्या कोपऱ्यात दाबाचा आकडा लुकलुकत राहिला. दोन्ही बाजूंचे ऑल्टिमीटर मात्र एकमेकांशी तंतोतंत जुळत होते, कारण चूक दोघांची सारखीच होती. विमान ऐटीत १३,००० वर स्थिरावलं. नियंत्रकाच्या पडद्यावर त्याची उंची १३,३०० दिसत होती, कारण ट्रान्सपाँडर उंची पाठवतो ती नेहमी १०१३ धरूनच. "कन्फर्म लेव्हल?" असं विचारल्यावर सहवैमानिकानं ठणकावून "वन थ्री झीरो" सांगितलं.

उत्तर अमेरिकेतल्या शार्लट इथं ११ सप्टेंबर १९७४ रोजी ईस्टर्न एअरलाइन्सचं विमान धुक्यात उतरताना कोसळलं, तेव्हा वैमानिक राजकारणावर आणि जुन्या मोटारींवर गप्पा मारत होते. अशा अपघातांमुळे १९८१ मध्ये अमेरिकेनं नियम केला: १०,००० फुटांखाली अवांतर बोलणं बंद. नियम उत्तमच आहे, पण माझ्यासमोरच्या दोघांनी अवांतर अक्षरही काढलं नव्हतं. ढग, परवानगी, आजारी प्रवासी, सगळं कामाचंच. गप्पांवर बंदी घालता येते. कामावर कशी घालणार? आणि फोन वाजला की उचलायचा, हे तर आपल्या हाडीमाशी मुरलेलं. अर्ध्यावर तुटलेलं काम 'झालं' म्हणून मनात नोंदलं जातं, ते असंच.

हजार फुटांची चूक काय करते, ते १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर दिसलं. दिल्लीहून निघालेलं सौदी विमान १४,००० फुटांवर होतं. समोरून उतरणाऱ्या कझाक विमानाला १५,००० वर थांबायचं होतं. ते खाली आलं. ३४९ माणसं गेली. कझाक विमानात इंग्रजी संभाषण रेडिओ ऑपरेटर सांभाळायचा आणि त्याच्यासमोर ऑल्टिमीटरच नव्हता. वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून बघावं लागे. दिल्लीच्या नियंत्रकाच्या रडारवरही तेव्हा उंची दिसत नसे, विमानातून येणाऱ्या शब्दावरच भिस्त. त्यानंतर टक्कर टाळण्याची सूचना देणारी टीकॅस यंत्रणा भारतात सक्तीची झाली.

शब्दही दगा देतात. १०,००० आणि ११,००० यांची गफलत अमेरिकी वैमानिकांच्या अहवालांत सर्वांत जास्त आढळली. "वन झीरो झीरो" आणि "वन वन झीरो" घाईत ऐकून बघा. म्हणून आता अनेक ठिकाणी १०,००० ला "फ्लाइट लेव्हल वन हंड्रेड" म्हणतात.

सिम्युलेटर पुन्हा धावपट्टीवर आणला गेला. तेच ढग, तोच फोन. या वेळी कॅप्टननं फोन वाजू दिला, नॉब ओढला, "स्टँडर्ड" म्हटलं, सहवैमानिकाचा प्रतिसाद ऐकला आणि मग रिसीव्हर उचलला. प्रशिक्षकांनी कागदावर काहीतरी खरडलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी लाल डाग काढला, फोनही केला नाही; बरोबर त्याच उंचीला फ्रीक्वेन्सी तेवढी बदलायला सांगितली.