लसीकरणातील सहायक कर्मचारी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लसीकरण सत्रात बाळाला सुई टोचते ती आरोग्यसेविका. पण लस गावापर्यंत योग्य तापमानात आणणे, कोणत्या बाळाला कोणती लस द्यायची याची यादी करणे, आयांना सत्रावर आणणे आणि वापरलेल्या सुयांची विल्हेवाट लावणे, ही कामे औषध निर्माण अधिकारी, परिचर, लस पोचवणारा माणूस, आशा, अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि उपकेंद्रावरील अर्धवेळ स्त्री परिचर मिळून करतात. नागपूर जिल्ह्यातील भिवापूर तालुक्यासारख्या भागात, जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि काही गावे उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या कडेने वसलेली आहेत, लस लागू पडेल की नाही हे बरेचसे याच माणसांच्या हाती असते.

लस फक्त उष्णतेने बिघडते, त्यामुळे जितका जास्त बर्फ तितकी ती सुरक्षित, हा सर्वांत घातक गैरसमज. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. पोलिओचे थेंब, बीसीजी आणि गोवर-रुबेला या लसींना उष्णता सोसत नाही. पण पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस-बी, डीपीटी आणि टीडी या लसी एकदा गोठल्या की कायमच्या निकामी होतात. म्हणून डीप फ्रीझरमधून काढलेले आइस पॅक तसेच व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये, म्हणजे लस नेण्याच्या डब्यात, ठेवता येत नाहीत. सकाळी ते बाहेर मांडून ठेवायचे, हलवून पाहायचे, आतला बर्फ सुटून खुळखुळल्याचा आवाज आला की मगच चार पॅक कॅरिअरमध्ये लावायचे. भिवापूरच्या उन्हाळ्यात घाईने कडक गोठलेले पॅक भरण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, आणि नुकसान तिथेच होते. कुपीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे वर्तुळातला रंग बदलणारा चौकोन, उष्णतेचा परिणाम दाखवतो. लस गोठून गेली हे तो सांगत नाही. अशी लस टोचली तर कार्डावर नोंद होते, बाळाला संरक्षण मात्र मिळत नाही आणि आईला ते कधीच कळत नाही.

फ्रिज चालू आहे म्हणजे लस सुरक्षित आहे, हेही खरे नाही. लसीचा फ्रिज, म्हणजे आयएलआर, दिवसात ८ तास वीज मिळाली तरी थंडावा धरून ठेवू शकतो. परंतु त्याचे तापमान रोज दोनदा, रविवारी आणि सणासुदीलाही, पाहून लिहावे लागते. त्यात इतर औषधे किंवा खाण्यापिण्याच्या वस्तू ठेवायच्या नसतात. ही जबाबदारी सांभाळणारा सुट्टीवर गेला तर नोंद कोण करणार, हे आधीच ठरलेले असावे लागते.

आशा केवळ निरोप देते, ही समजूत तिच्यावर अन्याय करणारी आहे. बाळांचे ६, १०, १४ आठवडे, ९ महिने, पुढे १६ ते २४ महिने हे टप्पे तिच्या यादीत नोंदलेले असतात. मिरचीच्या हंगामात भिवापूरकडच्या अनेक बाया सातऱ्यावर, म्हणजे मिरची खुडण्याच्या जागी, देठ खुडायला जातात. मजुरी बुडवून सत्रावर येणे त्यांना परवडत नाही. कोणाचे बाळ आजोळी गेलेले असते, तर कोणाच्या बाळाला मागच्या वेळी ताप आला म्हणून सासू नको म्हणते. या घरी पुन्हापुन्हा जाणे, ताप का येतो ते समजावणे आणि पुढची तारीख सांगणे हे मन वळवण्याचे काम आहे. इतके करूनही आशा नियमित पगारावरची कर्मचारी नाही. तिला कामागणिक मोबदला मिळतो.

मदतीच्या कामाला प्रशिक्षण कशाला, असेही विचारले जाते. याचे उत्तर विदर्भानेच पाहिले आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात पल्स पोलिओच्या वेळी १२ बालकांना थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. मुले रुग्णालयात दाखल झाली आणि सुदैवाने बरी झाली. कुपी हातात घेणाऱ्या प्रत्येकाने लेबल वाचलेच पाहिजे, आणि ती सवय प्रशिक्षणातून व पुरेशा मनुष्यबळातून येते. त्याच महिन्यात, १६ जानेवारीला, कोविड लसीकरण सुरू झाले. त्यासाठीच्या पाच जणांच्या पथकात टोचणारी व्यक्ती एकच होती. बाकीचे प्रवेशाची तपासणी, ओळखपत्राची पडताळणी, गर्दी आणि ३० मिनिटांची देखरेख सांभाळत.

शेवटचे बाळ घरी गेले की काम संपले, असे नाही. न उघडलेल्या आणि उघड्या कुपी कॅरिअरमधून त्याच दिवशी शीतसाखळी केंद्रात परत जातात. पेंटाव्हॅलंटसारख्या लसीची उघडलेली कुपी, त्यावर उघडल्याची तारीख व वेळ लिहिलेली असेल आणि ती नीट ठेवलेली असेल, तर २८ दिवसांपर्यंत वापरता येते; बीसीजी आणि गोवर-रुबेलाची कुपी मात्र द्रावण मिसळल्यापासून ४ तासांतच संपवावी किंवा टाकून द्यावी लागते. सुया हब कटरने कापून पांढऱ्या, सुई आरपार जाणार नाही अशा डब्यात आणि सिरिंजचा प्लास्टिकचा भाग लाल पिशवीत जातो. एकदाच वापरता येणाऱ्या सिरिंजमुळे बाळाचा धोका टळतो, परंतु कचरा उचलणाऱ्याला सुई लागण्याचा धोका राहतोच. म्हणूनच २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार असा कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस देणे संस्थेवर बंधनकारक आहे.